वरचा स्ट्रट बार की खालचा ब्रेस: घरी काय बसवावे?

आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याचे घडवलेले भाग ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंगने जोडून जी एकसंध मोनोकॉक बॉडी तयार होते, तीच इंजिन, सस्पेन्शन आणि प्रवासी यांचा सगळा भार वाहते. वेगाने वळण घेताना किंवा एकच चाक खड्ड्यात गेल्यावर ही बॉडी किंचित पिळली जाते आणि सस्पेन्शन जिथे टेकलेले असते त्या जागा थोड्या हलतात. ही हालचाल कमी करण्यासाठी घरी बसवता येण्याजोगे दोन पर्याय मुख्यतः विचारात येतात: बॉनेटखाली दोन्ही स्ट्रट टॉवर (स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाचे, वरचे टोक जिथे बसते ते बॉडीचे उंचवटे) एकमेकांना जोडणारा वरचा बार, आणि गाडीच्या पोटाखाली सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी, बॉडीला खालून बोल्टने जोडलेली चौकट) किंवा लोअर आर्म (चाकाला खालच्या बाजूने धरणारा दांडा) यांच्या जोडणीपाशी बसणारा खालचा ब्रेस, म्हणजे ताठपणा देणारी पट्टी. त्यांची तुलना सहसा धातू, वजन आणि दिसणे यांवरून होते. घरी काम करणाऱ्याने मात्र सर्वांत आधी हे पाहावे, की तो भाग बसवण्यासाठी गाडीचे कोणते मूळ बोल्ट सोडवावे लागणार आहेत.

उपयोगाचा प्रश्न सस्पेन्शनच्या रचनेवर ठरतो. मॅकफर्सन स्ट्रट प्रकारात वरचा आर्म नसल्यामुळे चाकाला वरच्या बाजूने स्ट्रटच धरून ठेवतो, म्हणून वळणावरचा आडवा जोर काही प्रमाणात थेट टॉवरच्या माथ्यावर येतो आणि तिथे बारला खरे काम मिळते. वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या डबल विशबोन रचनेत आडवा जोर आर्म घेतात व स्प्रिंगच्या माथ्यावर मुख्यतः उभा भार येतो. तिथे वरचा आर्म टॉवरलाच जोडलेला नसेल, तर बारकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. खालच्या ब्रेसची बाजू या बाबतीत वरचढ आहे. लोअर आर्मची जोडणी जमिनीच्या जवळ असल्यामुळे टायरमधून येणाऱ्या आडव्या जोराचा मोठा वाटा तिच्यावर पडतो, स्ट्रटच्या माथ्यावर त्याहून बराच कमी. पण हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक असते, आणि चारही बाजूंनी बंद असलेली सबफ्रेम मुळातच पुरेशी ताठ असते. सबफ्रेम मागून उघडी असेल, किंवा गाडी छत नसलेली असेल, तर खालच्या ब्रेसचा फरक जाणवण्याची शक्यता अधिक. छत गेले की पीळ रोखण्याचे बरेचसे काम तळावर येते. माझ्दाने एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत १.८ लिटर इंजिन आणले तेव्हा बॉडीला कारखान्यातूनच जादा ब्रेस दिले होते.

धातूविषयी थोडक्यात. पोलाद त्याच आकाराच्या ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे तिप्पट ताठ आणि वजनाला जवळपास तिप्पट असते, त्यामुळे जाड ॲल्युमिनियमचा बारही चांगले काम देऊ शकतो. आकार मात्र निर्णायक आहे. इंजिनला वळसा घालण्यासाठी वाकवलेला बार जोर आल्यावर आणखी लवतो, आणि टोकाला एकाच बोल्टवर फिरणारा सांधा असलेल्या बारमध्ये त्या सांध्याची ढिलाई पुरती घात करते. सरळ आणि अखंड बार बसत असेल तर चकचकीत रंगाच्या वळणदार बारचा मोह टाळावा.

आता प्रत्यक्ष बसवणे. वरच्या बारसाठी गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी असावी, कारण तेव्हा गाडीचे वजनच स्ट्रटला टॉवरमध्ये दाबून धरते. चाके अधांतरी असताना माथ्याचे सगळे नट काढले तर स्ट्रट खाली सुटू शकतो. एका वेळी एकाच बाजूचे नट काढावेत आणि मधल्या मोठ्या नटला हात लावू नये, कारण दाबलेली स्प्रिंग त्याच नटाने रोखलेली असते. माथ्याची भोके लांबट असतील तर मूळ जागेवर आधी खूण करावी, अन्यथा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभा कल, बदलतो. बारच्या टोकाच्या पट्टीच्या जाडीमुळे स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या आटेदार खिळीचे) आटे कमी पडतात. नट पूर्ण चढून स्टडचे टोक थोडे बाहेर दिसत नसेल तर तो बार त्या गाडीसाठी नाही, असे समजावे. बॉनेट व बार यांतील अंतर तपासायला बारवर मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट हळूच टेकवावे, आणि गिअर टाकताना इंजिन आपल्या माउंटवर हलते हे लक्षात ठेवून तिथेही मोकळीक ठेवावी. बार बॅटरीवरून जात असेल तर धन टर्मिनलवर घट्ट झाकण हवेच.

मूळ बोल्ट सोडवावे लागतात की नाही, या निकषावर खालचा ब्रेस दोन जातींत विभागला जातो. काही गाड्यांच्या तळाला आटे पाडलेली रिकामी भोके असतात आणि ब्रेस त्यांतच बसतो. हे काम घरी करायला हरकत नाही, मात्र गाडी जॅकवर नव्हे तर भक्कम जॅक स्टँडवर ठेवलेली असावी. दुसऱ्या जातीत सबफ्रेमचे किंवा लोअर आर्मचे मूळ बोल्ट काढून तेच ब्रेसमधून पुन्हा घालावे लागतात. सबफ्रेम किंचित सरकली तरी अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडते. आर्मच्या सांध्यातील रबरी बुशचा बोल्ट चाके लोंबत असताना आवळला तर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो. आणि काही बोल्ट एकदाच वापरण्याचे असतात, जे काढल्यावर नवेच घालावे लागतात. माझ्या मते ही दुसरी जात लिफ्ट आणि अलाइनमेंट यंत्र असलेल्या ठिकाणीच बसवून घ्यावी. शिवाय खालच्या ब्रेसमुळे जमिनीपासूनची उंची घटते, आणि ऑइल बदलण्याची जागा झाकली गेली तर प्रत्येक सर्व्हिसला तो उतरवावा लागतो.

आवळण्याचे माप अंदाजाने घेऊ नये. गाडीच्या मॅन्युअलमधील आकडा आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराइतकेच आवळणारा पाना) दोन्ही पर्यायांना लागतात. पट्टीखालचा रंग दबून पकड थोडी सैल होत असल्याने काही दिवस गाडी चालवल्यावर आवळणी पुन्हा तपासावी. दोन्ही टॉवर जोडलेले असताना समोरच्या एका कोपऱ्यावर धडक बसली, तर धक्क्याचा काही भाग दुसऱ्या टॉवरपर्यंत जाऊ शकतो, ही बाब वरच्या बारच्या विरोधात जाते. वॉरंटी आणि विम्याच्या अटी खरेदीपूर्वीच वाचाव्यात.

टायर झिजलेले किंवा बुश तडकलेले असतील तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून आधी तिकडे पैसे घालावेत. वळणावर गाडी एका बाजूला कलते ही तक्रार असेल तर तो अँटी रोल बारचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचे सस्पेन्शन जोडून कलणे कमी करणाऱ्या दांड्याचा, विषय आहे. ब्रेसने कलणे कमी होत नाही. यातून जो उरतो त्याने मॅकफर्सनच्या गाडीत वरच्या बारपासून सुरुवात करावी. तो थोड्या वेळात काढता येतो, त्यामुळे एकाच रस्त्यावर बारसह आणि बाराविना गाडी चालवून फरक पडतो की नाही हे स्वतः ठरवता येते. मूळ बोल्टांत अडकलेल्या खालच्या ब्रेसची अशी परीक्षा घेणे फार खटाटोपाचे आहे.