बेटांमधल्या सागरसफरीसाठी खलाशी व्हायचे असल्यास : मोठे शिडाचे जहाज की छोटी यॉट?

गोव्यात शिडाची जहाजे बांधली जातात, तरी गोव्यातल्या सामान्य नागरिकाला त्यांवर जागा मिळत नाही, ही गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये तयार झालेली ‘आयएनएस तरंगिणी’ 1997 मध्ये आणि ‘आयएनएस सुदर्शिनी’ 2012 मध्ये नौदलात दाखल झाली. दोन्ही तीन डोलकाठ्यांची, बार्क प्रकारची (पुढच्या डोलकाठ्यांवर आडवी चौकोनी शिडे आणि शेवटचीवर उभी शिडे असलेली) जहाजे आहेत. दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेल्या ‘म्हादई’ आणि ‘तारिणी’ या लहान नौकांनी पृथ्वीप्रदक्षिणाही पूर्ण केल्या. परंतु या सर्व नौका नौदलाच्या असून त्यांवर जाण्यासाठी नौदलात भरती होण्यावाचून मार्ग नाही. वय, शिक्षण आणि इच्छा जुळत असेल त्याने तो मार्ग अवश्य धरावा, कारण तेथे शिकवणे उत्तम असते आणि खर्च सरकारचा असतो. तारवटी म्हणून व्यापारी जहाजावर जाण्याशीही या विषयाचा फारसा संबंध नाही. ती नोकरी आहे. येथे ज्याचा विचार करायचा आहे, त्यात बहुतेक वेळा पैसे आपल्याच खिशातून जातात.

उरतात ते दोन पर्याय. पहिला, परदेशी ध्वजाच्या मोठ्या शिडाच्या जहाजावर शुल्क भरून प्रशिक्षणार्थी खलाशी म्हणून जाणे. दुसरा, बेटाबेटांतून फिरणाऱ्या एखाद्या खासगी यॉटच्या मालकाला हातभार लावणारा सोबती म्हणून जाणे. जाहिरातींत दोन्हींचे वर्णन जवळपास एकच असते, म्हणून निवड करणाऱ्याची फसगत होते; प्रत्यक्ष समुद्रावर या दोहोंत फारच थोडे साम्य असते.

कामाचे स्वरूप

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणून ‘पिक्टन कॅसल’ घेता येईल. 1928 मध्ये इंग्लंडमध्ये मासेमारीसाठी बांधलेले हे पोलादी जहाज आज तीन डोलकाठ्यांचे बार्क आहे. त्याची नोंदणी कुक बेटांवरच्या रारोटोंगाला असली, तरी त्याचे ठाणे कॅनडातील लुनेनबर्ग येथे आहे. त्यावर साधारण बारा पगारी खलाशी आणि चाळीसपर्यंत प्रशिक्षणार्थी असतात. हॉलंडचे ‘युरोपा’ हेही त्याच प्रकारातले. ते 1911 मध्ये एल्ब नदीच्या मुखाशी दीपनौका, म्हणजे तरंगते दीपगृह, म्हणून उभे राहिले आणि आता दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्यासारख्या एकाकी बेटांपर्यंत जाते. अशा जहाजांवर पूर्वानुभवाची अट नसते. प्रशिक्षणार्थींची तीन गटांत विभागणी होते आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक गटाला चार तास पाळी, आठ तास विश्रांती असा क्रम मिळतो. पाळीच्या चार तासांत आळीपाळीने सुकाणू धरणे, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, उभे राहून टेहळणी करणे आणि तांडेलाच्या हाकेसरशी दोर ओढायला धावणे ही कामे येतात. दीड-दोनशे दोर, प्रत्येकाला वेगळे नाव आणि प्रत्येकाची ठरलेली खुंटी. अंधारात, पावसात योग्य दोराला हात घालता येईपर्यंत काही आठवडे जातात. डोलकाठीवर चढून आडव्या काठीवर ओणवे होऊन शिडे गुंडाळण्याचे काम बहुतेक जहाजांवर ऐच्छिक असते. न चढणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही, पण न चढता परत येणारे फार थोडे असावेत. याखेरीज गंज खरवडणे, रंग देणे, दोरांना डांबर लावणे, फाटलेली शिडे शिवणे हे दिवसभर चालू असते. ज्याला फक्त क्षितिज पाहायचे आहे, त्याला हा भाग जाचक वाटेल, आणि माझ्या मते खरे शिक्षण याच भागात आहे.

यॉटवर यातले जवळपास काहीच नसते. बारा-तेरा मीटरची नौका, त्यावर तीन किंवा चार माणसे आणि शिडे बदलण्यासाठी कॉकपिटमध्येच, म्हणजे सुकाणूजवळच्या बसण्याच्या खोलगट जागेतच, आणलेले दोर. सुकाणू बहुतांश वेळ स्वयंचलित यंत्र किंवा वाऱ्यावर चालणारी पट्टी सांभाळते. तिघे जण असतील तर तीन तास पाळी आणि सहा तास विश्रांती. दोघेच असतील तर झोपेचे तुकडे होतात. रात्रीच्या पाळीत तुम्ही एकटे असता. व्यापारी जहाजाचा दिवा दिसला, वाऱ्याचा जोर वाढला, मागून काळा ढग चढत आला, तर कप्तानाला उठवायचे की स्वतःच शीड कमी करायचे हा निर्णय तुमचा असतो. मोठ्या जहाजावर असा निर्णय प्रशिक्षणार्थीकडे कधीच येत नाही. स्वयंपाक, भांडी, बिघडलेला पंप, तुंबलेले संडास हेही सारे त्या तीन-चार माणसांतच वाटले जाते.

या फरकातूनच निवडीचा खरा निकष निघतो. मोठ्या जहाजावर तुम्ही पन्नासांतले एक असता; यॉटवर तिघांतले एक असता. पहिल्या चार दिवसांत बोट लागून तुम्ही आडवे पडलात, तर मोठ्या जहाजाचा कारभार अडत नाही, उलट कोणीतरी आल्याचा तुकडा आणि पाणी घेऊन येते. यॉटवर मात्र तुमच्या आजारपणाची किंमत उरलेले दोघे आपल्या झोपेने मोजतात. आपले शरीर खोल समुद्रात कसे वागते हे ज्याला माहीत नाही, त्याने पहिल्या सफरीसाठी यॉट निवडू नये असे मी स्पष्टपणे सुचवेन. उलट, पणजीजवळच्या दोनापावलाच्या उपसागरात वर्षानुवर्षे लहान होड्या हाकणाऱ्याला मोठ्या जहाजावर हाताखालचे काम करताना चुळबुळ होण्याचा संभव आहे. त्याला यॉटवर अधिक शिकायला मिळेल. अर्थात दोनापावलाचा अनुभवही जपूनच मोजावा. ऑक्टोबर ते मार्चमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा एवढाच खेळ असतो. महासागराच्या लांब लाटेवर अहोरात्र डोलत राहणे ही निराळीच गोष्ट आहे.

सुरक्षितता

मोठे जहाज म्हणजे सुरक्षित आणि छोटी नौका म्हणजे धोक्याची, ही समजूत नोंदींपुढे टिकत नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये ‘बाउंटी’ हे शिडाचे जहाज सँडी चक्रीवादळात उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर बुडाले. सोळांपैकी चौदा जण वाचले, कप्तान आणि एक महिला खलाशी यांचा मृत्यू झाला. वादळाचा अंदाज आधीच जाहीर झालेला असताना त्याच्या मार्गात जहाज नेण्याचा कप्तानाचा निर्णय हेच मुख्य कारण असल्याचे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवले. त्याआधी फेब्रुवारी 2010 मध्ये ‘कॉन्कॉर्डिया’ हे विद्यार्थ्यांचे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाले. त्यावरचे सर्व 64 जण जीवरक्षक तराफ्यांवर दीर्घ काळ काढून वाचले. जहाजाचा आकार आणि प्रतिष्ठा यांपेक्षा कप्तान कोणत्या वेळी बंदर सोडत नाही, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. ज्या जहाजाचे वेळापत्रक एका दिवसानेही हलत नाही, त्याविषयी मला शंका येते.

यॉटच्या बाबतीत हा तपास तुम्हालाच करावा लागतो, कारण तेथे वर्गीकरण संस्थेची, म्हणजे जहाजे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, नियमित पाहणी बहुधा नसते. जीवरक्षक तराफ्याची शेवटची तपासणी केव्हा झाली, डोलकाठी तोलून धरणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत, संकटसंदेश देणारे यंत्र कोणाच्या नावे नोंदवले आहे, रात्री डेकवर येताना पट्टा बांधणे सक्तीचे आहे का, हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. चांगला मालक त्यांनी रागावत नाही. माणूस पाण्यात पडण्याचा धोका दोन्हीकडे आहे, पण यॉटवर रात्री तो पडल्याचे कळायला तासही लागू शकतात.

स्त्रियांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. मोठ्या जहाजावर स्त्रिया पुष्कळ असतात, अधिकाऱ्यांची उतरंड असते आणि तक्रार नेण्याला जागा असते. अनोळखी मालकाच्या यॉटवर, विशेषतः दोघांच्याच सफरीत, यातले काही नसते. स्त्रियांनी समुद्रावर जाण्यात काही वावगे आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. 2017–18 मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून गोव्यातून निघून जगप्रदक्षिणा केली, तो प्रश्न तेथेच मिटला. पण आधी एखाद्या किनारी बेटापर्यंतचा छोटा टप्पा करून पाहावा, मगच महासागर ओलांडण्यास होकार द्यावा. हा सल्ला पुरुषांनाही लागू आहेच.

पैसा आणि कागदपत्रे

खर्चाचा भेद मोठा आहे. मोठ्या जहाजांचे शुल्क सामान्यतः दिवसाला शंभर युरोच्या वर असते आणि त्यात जेवण, बंक व शिकवणे येते. विमानभाडे, विमा, व्हिसा वेगळे. महिनाभराच्या टप्प्याचा हिशेब काही लाख रुपयांत जातो. यॉटवर बहुधा जेवणाचा खर्च आणि कधी बंदरशुल्क व इंधन यांतला वाटा द्यावा लागतो. तेवढ्यावरून यॉट स्वस्त असे म्हणता येते, पण निघण्याची तारीख वाऱ्यावर आणि दुरुस्तीवर अवलंबून असल्यामुळे बंदरात वाट पाहण्यात जाणारे दिवस, म्हणजे लॉज आणि जेवण, कोणी मोजत नाही. इंजिनाचा सुटा भाग येण्याची वाट पाहत दोन आठवडे बसणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

या दोहोंच्या मधला एक लहान मार्ग म्हणजे शिडावर माल वाहणारी जहाजे. हॉलंडचे ‘त्रेस ओम्ब्रेस’ हे बत्तीस मीटरचे, इंजिनच नसलेले ब्रिगँटिन (दोन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज) कॅरिबियन बेटांतून रम, कोको, कॉफी युरोपात आणते आणि काही प्रशिक्षणार्थी शुल्क घेऊन नेते. तेथे कष्ट सर्वांत जास्त आणि सोयी सर्वांत कमी असतात. ज्याला प्रवासाला काहीतरी प्रयोजन हवे असते, त्याच्या मनाला मात्र ते अधिक पटेल.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याने मार्ग निवडण्यापूर्वी व्हिसाचा नकाशा पाहावा, कारण येथेच बहुतेक बेत मोडतात. कॅनरी बेटे स्पेनची असल्याने तेथे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. परंतु मार्टिनिक, ग्वाडेलूप, रियुनियन, ताहिती ही फ्रेंच बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर असल्यामुळे सामान्य शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही. अर्जातच त्यांचा वेगळा उल्लेख करून घ्यावा लागतो. मॉरिशस आणि फिजी या बाबतीत सुटसुटीत आहेत. गोव्यात एकाच घरात एका भावाकडे भारतीय आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असणे अपवादाचे नाही. त्या दुसऱ्या भावाला युरोपीय नागरिक म्हणून फ्रेंच बेटांची अडचण नाही, त्यामुळे त्याचा अनुभव ऐकून आपला बेत आखू नये. आणखी एक बारकावा असा की, जहाजाने आलेल्या माणसाला परत पाठवण्याची जबाबदारी अनेक बेटांवर कप्तानावर येते. म्हणून यॉटचा मालक परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम मागतो, आणि ती मागणी रास्त आहे. मोठ्या जहाजांच्या कार्यालयात ही कामे माहीत असलेली माणसे असतात, पत्रे वेळेवर मिळतात. भारतीय अर्जदारासाठी हा फायदा मला शुल्काच्या बराच मोठ्या भागाइतका मोलाचा वाटतो.

बेटांवर काय मिळते

या एका बाबतीत यॉटचे पारडे निःसंशय जड आहे. कमी खोलीच्या खाजणांत, प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यात ती शिरू शकते आणि आवडले तर आठवडाभर थांबू शकते. मोठे जहाज बाहेर नांगर टाकते, अर्धे लोक नेहमी जहाजावर राखणीला राहतात आणि किनाऱ्यावरचे दिवस ठरलेले असतात. मात्र दक्षिण पॅसिफिकमधल्या पिटकेर्नसारख्या बेटावर, जेथे जहाज लागेल असे बंदरच नाही आणि गावकरीच लांब होड्या घेऊन बाहेर येतात, वर्षानुवर्षे ओळखीच्या जहाजाचे जे स्वागत होते ते अनोळखी यॉटला सहसा मिळत नाही. जेवणाविषयी इतकेच : मोठ्या जहाजावर स्वयंपाकी असतो आणि शाकाहाराची सोय आधी कळवल्यास होते, श्रावण पाळणाऱ्याने यॉटवर आपली डाळ-तांदळाची पिशवी स्वतः न्यावी.

ऋतू आणि तयारी

जून-जुलैत मासेमारी बंद ठेवणाऱ्या गोव्याला समुद्राचा ऋतू समजावून सांगायला नको. फक्त दुसऱ्या महासागरांचे ऋतू वेगळे आहेत. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल. त्यामुळे कॅनरीतून कॅरिबियनकडे जाणाऱ्या यॉटी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात निघू लागतात. लास पाल्मास ते सेंट लुशिया हे सुमारे 2700 सागरी मैलांचे अंतर त्या साधारण तीन आठवड्यांत तोडतात आणि त्याच सुमारास लास पाल्मासच्या धक्क्यावर सोबती शोधणारे मालक भेटतात. व्हिसाचा अर्ज त्यासाठी सप्टेंबरपर्यंत गेलेला असावा. मोठ्या जहाजांच्या जागा मात्र पुष्कळ आधी भरतात. वर्षभर आधी चौकशी करणे योग्य. तोवर पोहणे पक्के करावे, दातांची कामे उरकून घ्यावीत आणि पावसाळा सरल्यावर दोनापावलाला लहान होडी हाकायला शिकावे. वारा कोणत्या बाजूने येतो आहे हे न पाहता मानेला कळू लागले की दोन्हीपैकी कोणत्याही नौकेवर पहिला आठवडा हलका जातो.