सुरीनामच्या कंत्राकी नोंदी: सात महिने वापरल्यावर

मी द हेगला राहते, खालच्या मजल्यावर एक सुरीनामी हिंदुस्तानी आजी आहेत. त्यांची पणजी कलकत्त्याहून जहाजाने गेली एवढंच घरात माहीत, गाव कुठलं ते कोणालाच नाही, म्हणून सुरीनामला (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत) गेलेल्या मजुरांचा ऑनलाइन डेटाबेस (फुकट आहे) मी सात महिने दर रविवारी उघडून बसतेय.

५ जून १८७३ ला 'लल्ला रूख' जहाज सुरीनामच्या पारामारिबो बंदराला लागलं, तेव्हापासून १९१६ पर्यंत ६४ खेपांत साधारण ३४ हजार माणसं पाच-पाच वर्षांच्या करारावर गेली, तिकडे त्यांना कंत्राकी म्हणतात. नोंदीत नाव, वडिलांचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, ठाणं, जिल्हा, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवलं, सगळं. २०११ मध्ये युनेस्कोने या नोंदी फिजी, गयाना, त्रिनिदादच्या नोंदींसोबत जागतिक स्मृतीच्या यादीत घेतल्या, आणि ते अगदी योग्य झालं.

नुसत्या नावावर शोधू नका. बाईने नाव सांगितलं भोजपुरीत, कारकुनाने लिहिलं ऐकू आलं तसं, पुढे घराण्याच्या नावात डच स्पेलिंग शिरलं, 'उ' साठी ओ आणि ई. एकाच नावाच्या कितीतरी बायका निघतात. वडिलांचं नाव आणि जहाज धरूनच पुढे जाता येतं. जिल्हाही जुनाच टाका, बस्तीचा तुकडा पडून १९८८ ला सिद्धार्थनगर झालं, नोंदीत ते कुठून असणार?

चौथ्या महिन्यात पणजी सापडली. वय २०, एकटी, जिल्हा बस्ती, उंची १ मीटर ४८. त्यांच्याकडे तिचा एकही फोटो नाही. आजींनी मला दाराच्या चौकटीवर तेवढ्या उंचीवर पेन्सिलीने रेघ मारायला लावली आणि कितीतरी वेळ तिथेच हात ठेवून उभ्या होत्या.

मला मनापासून वाटतं ते एवढंच, की टाइप केलेली ओळ आहे म्हणून मूळ वहीची काळजी कमी व्हायला नको. गावाच्या नावात एक अक्षर शंकास्पद असलं की शेवटी त्या कारकुनाचं अक्षरच बघावं लागतं, आणि तो कागद शंभर वर्षांहून जुना आहे, एकदा गेला की गेला.

गाव अजून नकाशावर मिळालेलं नाही. ठाणं मिळालंय, आता त्याच्या आसपासची गावं एकेक करून बघतेय.