होलसेल व्हॉइसचा रूट घेताय? आधी कराराची मागची पानं वाचा, आमच्याकडे काय झालं ते सांगतो

छोट्या कॅरिअरमध्ये, म्हणजे इतर कंपन्यांचे कॉल मिनिटाच्या भावाने घेऊन पुढे पोचवणाऱ्या कंपनीत, काम करणाऱ्यांसाठी आणि या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी लिहितोय. मी सेटलमेंटला बसतो, म्हणजे समोरच्याचं बिल आलं की आपल्या सीडीआरशी, म्हणजे प्रत्येक कॉलच्या नोंदीशी, जुळवायचं, फरक निघाला की डिस्प्यूट, म्हणजे बिलावर हरकत, टाकायचा आणि क्रेडिट नोटच्या मागे लागायचं, दिवसभर हेच. त्यामुळे आम्हाला गंडवलं जातंय हे मला आकड्यांत दिसत होतं, आणि सेल्सवाल्यांना ते शेवटपर्यंत "बिलिंगचा छोटासा इश्यू" वाटत होतं. समोरच्या कंपनीचं नाव देत नाही, वकिलाने नको म्हणून सांगितलंय, आणि तसाही नावाचा काही उपयोग नाही, ही मंडळी नाव बदलून परत येतात.

धंदा माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. कोणताच कॅरिअर जगातल्या प्रत्येक नेटवर्कला थेट जोडलेला नसतो, त्यामुळे एखादा आंतरराष्ट्रीय कॉल तीन-चार जणांच्या हातातून पलीकडे पोचतो, आणि प्रत्येक जोडीमध्ये स्वतंत्र इंटरकनेक्ट करार असतो. भाव डॉलरमध्ये, मिनिटाला, दशांशानंतर चार आकडे. रेटशीटमध्ये हजारो डायल कोड, म्हणजे नंबरचे सुरुवातीचे आकडे, आणि आपला स्विच, म्हणजे कॉल वळवणारी यंत्रणा, त्यातला सगळ्यात स्वस्त रूट आपोआप उचलतो. मार्जिन इतकं बारीक की चौथ्या आकड्यात फरक पडला तरी ट्रॅफिक इकडून तिकडे पळतं. फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात. भाव थोडासाच कमी ठेवायचा, फार कमी ठेवला तर संशय येतो ना, आणि कमाई करायची ती करारातल्या कलमांमधून.

आमच्याशी जो करार झाला तो दोन्ही बाजूंचा होता, म्हणजे आम्ही त्यांना ट्रॅफिक देणार, ते आम्हाला देणार, महिन्याच्या शेवटी वजावट करून जो देणं लागतो त्याने फरक भरायचा. ऐकायला झकास. सेल्सच्या कॉलवर "सीएलआय रूट, प्रीमियम क्वालिटी" असं दहा वेळा बोलून झालं, रेटशीटवरही सीएलआय असंच लिहिलं होतं, म्हणजे कॉल करणाऱ्याचा खरा नंबर पलीकडे दिसणार. करारात मात्र एक ओळ होती, की कॉल करणाऱ्याचा नंबर पोचवण्याचा "शक्य तितका प्रयत्न" केला जाईल. शक्य तितका प्रयत्न म्हणजे काहीच नाही, ज्यांनी असले कागद वाचलेत त्यांना हे कळतं.

पहिले काही आठवडे खरंच चांगले गेले. मग एका डेस्टिनेशनचा एएसआर, म्हणजे शंभरातले किती कॉल लागले तो आकडा, एकदम वर गेला आणि एसीडी, म्हणजे सरासरी कॉल किती वेळ चालला तो, तसाच धाडकन खाली आला. आमचा एनओसीवाला, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणारा, खूश, म्हणे रूट सुधारला. अहो, रूट सुधारला तर लोक जास्त वेळ बोलतील ना, कमी का बोलतील? सीडीआर उघडून बघितले तर पाच सेकंद, आठ सेकंद, बारा सेकंद असल्या कॉलची रांगच्या रांग, आणि डायल केल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ इतका कमी की तेवढ्यात पलीकडचा फोन वाजायलाही सुरुवात होणार नाही.

त्या देशात आमच्या एका कस्टमरचा माणूस होता. त्याला दुसऱ्या फोनवर चॅटला घेतलं आणि सांगितलं की आता कॉल येईल, उचलू नकोस, नुसता वाजू दे. इकडून त्याच रूटवर कॉल टाकला. ट्रेसमध्ये, म्हणजे कॉलच्या एसआयपी सिग्नलिंगच्या नोंदीत, इन्व्हाइट, म्हणजे कॉल लावायची विनंती, गेला, आणि जवळपास लगेच समोरून २०० ओके आला, म्हणजे सिग्नलिंगच्या भाषेत कॉल उचलला गेला आणि मीटर चालू झालं. कानात मात्र रिंग ऐकू येतेय. आणि तो माणूस लिहितोय, "अजून काही वाजलं नाही". टायमर पळतोय, मग थोड्या वेळाने त्याचा मेसेज, "आता वाजला, स्क्रीनवर इकडचाच कुठला तरी मोबाइल नंबर दिसतोय." एकाच टेस्टमध्ये दोन्ही भानगडी बाहेर. एक म्हणजे एफएएस, खोटं उत्तर, फोन वाजत असताना किंवा त्याच्याही आधी कॉल उचलला असं दाखवायचं आणि कॉल करणाऱ्याच्या कानात रेकॉर्ड केलेली रिंग सोडायची, त्याला वाटतं उचलला नाही म्हणून तो बंद करतो, बिल मात्र लागतं. दुसरं, कॉल सिमबॉक्समधून, म्हणजे तिथली सिम कार्डं भरलेल्या यंत्रातून, उतरत होता, प्रीमियम वगैरे काही नाही, सरळ ग्रे रूट, चोरवाट. रिंगच्या आवाजावरूनसुद्धा कळत होतं खरं तर, त्या देशातली रिंग दोनदा-दोनदा तुटक वाजते आणि आम्हाला ऐकवली जात होती ती एकच लांब. ज्याने ही व्यवस्था बसवली त्याने तेवढाही त्रास घेतला नव्हता.

झालं, मी डिस्प्यूट टाकला. आणि इथून कराराची मागची पानं बोलायला लागली.

पहिलं कलम, सीडीआरमध्ये फरक आला तर सप्लायरच्या स्विचचे आकडे अंतिम. आता एफएएसमध्ये दोघांच्या सीडीआरमध्ये फरक येतच नाही हो, कारण आमच्या स्विचलाही २०० ओके मिळालाय, आमचेही सीडीआर तेच सांगतात की कॉल लागला. त्यांचं उत्तर शांतपणे आलं, "तुमचे आणि आमचे मिनिट जुळतात, डिस्प्यूट कशाचा?" करारात एफएएस हा शब्दच नव्हता. खोटं उत्तर म्हणजे काय, ते कशाने सिद्ध मानायचं, ट्रेस चालेल का, आवाजाचं रेकॉर्डिंग चालेल का, सिद्ध झालं तर फक्त टेस्ट केलेल्या कॉलचे पैसे परत की त्या काळातल्या त्या डेस्टिनेशनच्या सगळ्या ट्रॅफिकचे, यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर तुमच्याकडे कितीही पुरावा असू दे, हातात काही येत नाही.

दुसरं, डिस्प्यूटची मर्यादा. बिलाच्या ३ टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर डिस्प्यूट मान्य नाही. असली मर्यादा सगळेच ठेवतात, त्यात गैर काही नाही, दोन स्विचची घड्याळं आणि राउंडिंग यामुळे थोडा फरक पडतोच. पण आमचं बिलिंग आठवड्याचं होतं आणि दर आठवड्याला फरक २.७, २.८, २.९ असाच येत होता, कायम त्यांच्या बाजूने. खरा तांत्रिक फरक कधी इकडे कधी तिकडे पडतो. एक लाख डॉलरच्या बिलावर २.८ टक्के म्हणजे २,८०० डॉलर, आणि तेही दर बिलाला, विनातक्रार! मर्यादा प्रत्येक बिलावर आहे की एकत्रित रकमेवर, हे म्हणून बघायचं. ती ओलांडली की पूर्ण फरक मिळतो की फक्त वरचा भाग, हेही.

तिसरं, मुदत. डिस्प्यूट बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत टाकायचा. बिल हातात पडल्यापासून नाही, बिलावर छापलेल्या तारखेपासून. आणि बिल यायचं कधी, तर छापलेल्या तारखेनंतर बऱ्याच दिवसांनी, शुक्रवारी रात्री. सोबत समोरच्याने आपले सीडीआर अमुक दिवसांत द्यायलाच हवेत असं काही बंधन नाही, त्यामुळे आम्ही सीडीआर मागायचे, ते "टीम बघतेय" म्हणायचे आणि मुदत संपायची.

पल्सचं प्रकरण लहान आहे पण सांगतो. करारात बिलिंग १/१, म्हणजे सेकंदाच्या हिशोबाने. रेटशीटच्या एका टॅबमध्ये काही कोडसमोर ६०/६०, म्हणजे अर्धवट मिनिटही पूर्ण धरायचं. करारात कुठेतरी लिहिलेलं, रेटशीट आणि करारात विसंगती असेल तर रेटशीट चालेल. आता वीस सेकंदाचे हजार कॉल धरा, सेकंदाने ३३३ मिनिटं होतात, ६०/६० ने हजार. तिप्पट! आणि हे ६०/६० वाले कोड तेच होते जिथे एफएएसचे छोटे-छोटे कॉल पडत होते. योगायोग म्हणायचा का याला?

भाववाढीच्या नोटिशीत आणखी कमाल. या धंद्यात भाव वाढवायचा तर साधारण सात दिवसांची नोटीस द्यायची पद्धत आहे, कमी करायचा तर लगेच. करारात तसंच होतं. पण "नवीन कोड" साठी नोटीस लागत नव्हती. मग काय, आधी एका देशाच्या मोबाइलचा एकच कोड होता तो फोडून खालचे लांब कोड काढायचे, त्यांना नवीन म्हणायचं आणि भाव कितीतरी पट लावायचा. आमचा स्विच जुन्या कोडच्या भावाने कस्टमरला विकतोय, सप्लायर नवीन कोडने बिल लावतोय. रेटशीटची पोच आम्ही कळवली नाही तरी मेल पाठवला म्हणजे मान्य, असंही कलम होतंच.

युरोपच्या कोडवर वेगळीच गंमत झाली. युरोपियन युनियनने २०२१ मध्ये कॉल टर्मिनेशनच्या, म्हणजे शेवटच्या नेटवर्कने कॉल उतरवून घ्यायच्या, भावांवर एकच कमाल मर्यादा घातली, मोबाइलची टप्प्याटप्प्याने उतरत २०२४ पासून मिनिटाला ०.२ युरोसेंट. पण ती मर्यादा मुख्यतः तिथल्याच नंबरवरून आलेल्या कॉलला, बाहेरून आलेल्या कॉलला ऑपरेटर बराच जास्त भाव लावू शकतात. म्हणून आता भाव ठरतो तो कॉल करणाऱ्याच्या नंबरवरून. यात लबाडी कुठे आली, तर करारात लिहिलेलं की नंबर नसेल किंवा चुकीच्या फॉरमॅटमध्ये असेल तर सगळ्यात महाग भाव. आमच्या ट्रेसमध्ये देशाच्या कोडसकट पूर्ण आंतरराष्ट्रीय (ई.१६४) नंबर जाताना स्पष्ट दिसतोय, त्यांच्या सीडीआरमध्ये त्याच कॉलचा देशाचा कोडच गायब. म्हणे वाटेत कुठेतरी गळाला असेल! वाटेत म्हणजे आमच्या आणि त्यांच्या एसबीसीमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या हद्दीवरच्या यंत्रांमध्ये, तिसरं कोणीच नव्हतं.

तरीही सेल्सवाले निवांत होते, कारण त्यांचं ट्रॅफिकही आमच्याकडे येत होतं आणि महिन्याच्या शेवटी वजावट होणारच होती. ती झालीच नाही. सेट-ऑफचं, म्हणजे वजावटीचं, कलम नीट वाचलं तर वजावट फक्त "निर्विवाद" रकमांची. आम्ही त्यांच्या बिलावर डिस्प्यूट टाकला, तर मुदत, मर्यादा असं कारण देऊन तो फेटाळला, म्हणजे त्यांच्या लेखी रक्कम निर्विवाद झाली. आणि त्यांनी आमच्या बिलावर एका ओळीचा डिस्प्यूट टाकला, "क्वालिटी इश्यू", ना सीडीआर ना काही, की आमची रक्कम वादग्रस्त. म्हणजे आम्ही पूर्ण भरायचं आणि त्यांनी काहीच नाही. वरून वादग्रस्त रक्कमही आधी भरा, निकाल आमच्या बाजूने लागला तर क्रेडिट नोट, असं कलम होतं. पुढे एका वीकेंडला, ऑफिस रिकामं असताना, त्यांनी आमच्याकडच्या महागातल्या महाग कोडवर ट्रॅफिक ओतलं, आम्ही त्यांना दिलेली क्रेडिट लिमिट, म्हणजे उधारीची मर्यादा, निव्वळ रकमेवर मोजायची असल्यामुळे अलार्म वाजलाच नाही, कारण आम्ही त्यांना जे देणं होतं ते त्यातून वजा होत होतं. वजावट पैसे देताना चालत नाही आणि लिमिट मोजताना मात्र चालते, वा रे न्याय. त्या ट्रॅफिकचे पैसे आम्ही पुढच्या सप्लायरला भरले, रोख.

नंतर मेलला उत्तर बंद. करार ज्या कंपनीशी झाला ती नुसती कागदावरची, पत्ता रजिस्ट्रेशन एजंटचा, पॅरेंट कंपनीची गॅरंटी नाही. लवाद तिसऱ्याच देशात, आणि तिथे वकील लावायचा खर्च काढला तर अडकलेल्या रकमेच्या जवळ जात होता, बहुतेक तेवढ्यासाठीच ते ठिकाण निवडलं असावं.

आता आमच्याकडे नवीन कॅरिअर आला की सुरुवात प्रीपेडवर, आणि क्रेडिट लिमिट दोन्ही बाजूंची वेगवेगळी, एकूण रकमेवर. सीएलआय म्हणजे मूळ नंबर पोचलाच पाहिजे, नाही पोचला तर त्या कॉलचा भाव अमुक, असं आकड्यात. एफएएससाठी वेगळं कलम, त्यात ट्रेस आणि रेकॉर्डिंग पुरावा म्हणून आधीच मान्य. नवीन कोडलाही भाववाढीचीच नोटीस. डिस्प्यूटची मुदत बिल मिळाल्यापासून, आणि सीडीआर येईपर्यंत घड्याळ थांबलेलं. फ्रॉडचं कलम तर आवर्जून बघा, कारण बऱ्याच करारांत ट्रॅफिक खोटं असलं तरी पैसे भरावेच लागतात, आणि पेमेंट रोखायचं तर पोलिस तक्रारीची प्रत ठराविक दिवसांत मागतात, जी तुमच्या कस्टमरच्या कस्टमरकडून आणायची असते. यातलं एखादं कलम समोरचा मान्य करत नसेल तर ठीक आहे, वाटाघाटी होतातच, पण एकही मान्य करत नसेल आणि भाव मात्र सगळ्यांपेक्षा कमी असेल तर सरळ उठायचं.

ज्यांचं असं काही सध्या चालू आहे त्यांनी बाकी सगळं सोडून आधी एसआयपी ट्रेस वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा, सीडीआर बराच काळ राहतात पण ट्रेस बहुतेक स्विच थोड्याच दिवसांत पुसून टाकतात. आणि डिस्प्यूट अर्धवट असला तरी मुदतीच्या आत टाका, रक्कम नंतर सुधारून देता येते, उशिरा टाकलेला डिस्प्यूट कोणी उघडूनसुद्धा बघत नाही.