गाडीत मूल असताना सिगारेट: कायद्याने बंदी, की पालकांच्या समजुतीवर सोडायचं?

मागच्या सीटवर मूल बसलेलं असताना सिगारेट पेटवू नये, हे ओढणारेही सहसा नाकारत नाहीत. मतभेद आहेत ते पुढच्या प्रश्नावर. त्यासाठी कायदा हवा, की समजावून सांगणं पुरेसं आहे? तुम्हाला यावर मत ठरवायचं असेल तर दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. माझं मत कायद्याच्या बाजूने आहे, ते आधीच सांगतो. मात्र कायदा कसा लिहिलाय याला फार महत्त्व आहे.

धूर किती?

स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी रोजच्या प्रवासातल्या गाड्यांमध्ये यंत्रं ठेवून हवेतले सूक्ष्म कण मोजले होते. २०१२ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिगारेट न ओढलेल्या प्रवासात दर घनमीटर हवेत सरासरी ७.४ मायक्रोग्रॅम कण होते, ओढलेल्या प्रवासात ८५. काच खाली केली किंवा पंखा लावला तरी पातळी धोक्याचीच राहिली. मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेतं आणि त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. दमा बळावणं, छातीचे आजार, कानाचे संसर्ग आणि तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू, या सगळ्यांशी दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराचा संबंध सिद्ध झालेला आहे.

एका आकड्यापासून मात्र सावध राहा. ‘गाडीतला धूर घरातल्यापेक्षा २३ पट विषारी’ असं वाक्य वर्षानुवर्षं फिरत होतं. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी त्याचा माग काढला, तेव्हा त्यामागे कोणतंही संशोधन सापडलं नाही. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेलाही हा आकडा मागे घ्यावा लागला. खरे आकडे एवढे गंभीर असताना खोट्याचा आधार घेणं मला अक्षम्य वाटतं, कारण विरोधकांना तेवढंच निमित्त पुरतं.

‘माझी गाडी, माझी मर्जी’

कायद्याच्या विरोधातला हा पहिला मुद्दा, आणि मला तो सगळ्यांत कच्चा वाटतो. गाडी खासगी असली तरी रस्त्यावर आली की सीटबेल्ट, मुलांची सीट, फोन, दारू या सगळ्यांचे नियम तिला लागू होतात. शिवाय इथे त्रास होतो तो ज्याने गाडी निवडली नाही त्याला. चार वर्षांचं मूल गाडीतून उतरू शकत नाही. चौदा वर्षांचं मूल ‘बाबा, विझवा ना’ म्हणू शकतं, पण म्हणेलच असं नाही.

‘पोलीस बघणार कसे?’

हा मुद्दा वजनदार आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालील कुणी सोबत असताना बंद गाडीत ओढायला मनाई आहे आणि दंड ५० पौंड आहे. तरी तिथे प्रत्यक्षात दंड फारच थोड्यांना झाला. मग कायदा फुकट गेला का?

इथे योगायोगाने एक चांगली तुलना हाती लागली. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये तोच नियम ५ डिसेंबर २०१६ ला, म्हणजे वर्षभर उशिरा लागू झाला. गाडीत नियमित धूर सोसावा लागतो असं सांगणाऱ्या १३ ते १५ वर्षांच्या मुलांचं प्रमाण इंग्लंडमध्ये २०१२ साली ६.३ टक्के होतं, २०१४ साली ५.९ आणि कायद्यानंतर २०१६ मध्ये १.६. स्कॉटलंडमध्ये त्याच तीन वर्षांत ते अनुक्रमे ३.४, २.२ आणि १.३ टक्के होतं. अभ्यासकांच्या हिशोबाने इंग्लंडमधल्या कायद्यामुळे हे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. कायदा लागू होण्याआधीही स्कॉटलंडमध्ये घट होतच होती, म्हणजे प्रबोधन निरुपयोगी नाही. पण इंग्लंडमध्ये दोन वर्षं जवळजवळ जागचं न हललेलं प्रमाण कायदा आल्यावर एकदम खाली आलं, तेही पोलिसांनी फारशा पावत्या न फाडता. आजोबांना ‘इथे नको’ म्हणताना सुनेला आता कायद्याचं नाव घेता येतं, भांडण उकरावं लागत नाही. मला या कायद्याची खरी ताकद यातच दिसते.

घराचं काय?

मुलाचा जास्त वेळ गाडीत नाही, घरात जातो, हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त पटतो. गाडीत बंदी आली की बाबा घरात जास्त ओढतील, अशीही भीती असते. २००६ मध्ये स्कॉटलंडने बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद केलं तेव्हा हीच भीती व्यक्त झाली होती. नंतर साधारण ११ वर्षांच्या मुलांच्या लाळेतलं कोटिनीन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य, तपासलं तर ते सरासरी ३९ टक्क्यांनी कमी झालेलं निघालं. पण आई किंवा आईवडील दोघंही ओढत होते त्या घरांतल्या मुलांना लक्षणीय फायदा झाला नाही. सर्वांत जास्त धूर सोसणारी मुलं तीच. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर आईवडिलांना सिगारेट सोडायला मदत करावी लागेल. दंडाची पावती ते काम करणार नाही, म्हणून समजुतीची बाजू मला सोडवत नाही.

मग सगळ्याच गाड्यांत बंदी?

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २०११ मध्ये तीच मागणी केली होती. पोलिसांना ती सोपी, कारण मागे कोण बसलंय, त्याचं वय किती, हे बघावं लागत नाही. पण एकट्या प्रौढाला त्याच्या गाडीत अडवायचं तर मुलांच्या संरक्षणाचा आधार उरत नाही. मी तिथवर जाणार नाही.

मसुदा समोर आला तर

आधी वय बघा. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये १६ वर्षांखालील मुलांसाठी नियम केला, दक्षिण आफ्रिकेने १२ वर्षांखालील मुलांसाठी, इंग्लंडने १८. माझी पसंती १८ ला, कारण अकरा की तेरा हे धावत्या गाडीत कुणालाच कळत नाही.

मग पोलिसांना अधिकार काय दिलाय ते बघा. कॅलिफोर्नियात २००८ पासून बंदी आहे, पण केवळ एवढ्याच कारणासाठी गाडी थांबवता येत नाही. मला ही सूट नको आहे. त्याऐवजी पहिल्यांदा समज देऊन सोडण्याची मुभा असावी. न्यूझीलंडच्या पोलिसांना ती आहे. कमी उत्पन्नाच्या घरात दंडाचा चटका मुलाच्याच वाट्याला येतो.

आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. इंग्लंडच्या २०१५ च्या नियमात ई-सिगारेट नव्हती. न्यूझीलंडने नोव्हेंबर २०२१ पासून सिगारेट आणि व्हेप दोन्ही बंद केले. व्हेपची वाफ सिगारेटच्या धुराइतकी घातक नाही, पण तिच्यातही निकोटिन आणि सूक्ष्म कण असतात, आणि बंद गाडीतलं मूल तेही श्वासातून घेतं. मसुद्यात व्हेपचा उल्लेख नसेल तर हरकत नोंदवताना तो मुद्दा जरूर मांडा.