'सिझन्ड' सागवान म्हणून ओलं लाकूड गळ्यात मारलं

सॉलिड सागवानाचा डायनिंग टेबल बनवून घेतला, 90 सेंटीमीटर रुंद, आणि त्याच लाकडातली एक जास्तीची फळी शेल्फसाठी. विकणारा छातीठोकपणे म्हणाला पूर्ण सिझन केलंय, म्हणजे ओलावा काढून सुकवलंय, ओलावा मोजायचा मीटर लावून 11 टक्के आकडा पण दाखवला. पाच महिन्यांत टेबलाच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेली, आत नाणं उभं राहील एवढी. वाकून बघितलं तर भेगेच्या आत पॉलिशचा थेंबही नाही, कोरं लाकूड, म्हणजे पॉलिशनंतरच फाटलंय.

तक्रार केली तर उत्तर काय, "लाकूड आहे, आकसणारच, नॅचरल आहे." हे अर्धं खरं आहे म्हणूनच माणूस गप्प बसतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्यात लांबीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही, जवळजवळ सगळी हालचाल रुंदीत आणि जाडीत होते. पण किती होणार ते आधी काढता येतं हो!

जास्तीची फळी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तशीच पडून होती. टोकं लवकर सुकतात म्हणून मधूनच तुकडा कापला, लगेच वजन केलं, 242 ग्रॅम. मग ओव्हनमध्ये 103 डिग्रीला ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवला, 200 ग्रॅम. म्हणजे सुक्या वजनाच्या 21 टक्के ओलावा! एवढा ओलावा लाकडात टिकायला हवेत सतत 90 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, राहत्या घरात ती कुठून येणार. हवा 65 टक्क्यांवर असली तर लाकूड साधारण 12 वर येऊन थांबतं. सागवान कमी हलणाऱ्यातलं, तरी साध्या सपाट चिरलेल्या फळ्यांचा 90 सेंटीमीटर टॉप 21 वरून 11 वर आला की दीड सेंटीमीटरच्या वर आकसतो. आणि यांनी तो खालच्या फ्रेमला चारी बाजूंनी डिंक लावून स्क्रूने आवळलेला, सरकायला जागाच नाही, मग फाटणार नाही तर काय. स्क्रूची भोकं आडवी लांबट ठेवली असती तर टॉप निदान सरकला तरी असता.

आणि तो 11 चा आकडा? मीटरच्या सुया वरवर टेकवल्या होत्या, बाहेरचा पापुद्रा सुकलेला असतो, आत ओलं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटतं.

तुम्ही घेत असाल तर फळी समोर कापायला लावा आणि ताज्या कापावर, मध्यभागी सुया खुपसून आकडा बघा. कापू देत नसेल तर तिथून सरळ निघा. टॉप खालून कसा बसवलाय तेही वाकून बघा, लाजू नका. आणि बिलावर ओलाव्याचा आकडा टक्क्यांत लिहून घ्या, माझ्या बिलावर नुसतं 'सिझन्ड' लिहिलंय आणि विकणारा आता म्हणतो की 21 टक्के म्हणजे पण सिझन्डच.