घरच्या सीसीएनए लॅबचा अनुभव: स्विच ठणठणीत, डोकेदुखी केबलची

सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंग परीक्षेसाठी घरीच लॅब करायची ठरवली, तेव्हा जुन्या स्विचांची सगळ्यांनी भीती घातली होती. पंखे बसतात, पॉवर सप्लाय जातो, फ्लॅश खराब निघते. काही महिने वापरून सांगतो, यातलं काहीच झालं नाही. लॅब बंद पडली ती लॅपटॉपवरून स्विच-राउटरला थेट आज्ञा द्यायच्या कन्सोल केबलमुळे, अख्ख्या खरेदीतल्या सगळ्यांत स्वस्त वस्तूमुळे. त्यामुळे हा अनुभव निम्मा त्या निळ्या केबलबद्दलच आहे, आधीच सांगून ठेवतो.

मांडणी नेहमीचीच: दोन २९६० आणि एक ३५६० स्विच, दोन १८४१ राउटर. सगळं वापरलेलं. परीक्षेचा क्रमांक २००-३०१. रॅकवर खर्च केला नाही, एकावर एक रचून ठेवलंय. पंखे आवाज करतात, म्हणून अभ्यास नसला की सगळं बंद.

केबल सुरुवातीला व्यवस्थित चालत होती. वेग ९६०० बॉड, पुट्टी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, एंटर दाबा, प्रॉम्प्ट हजर. मग विंडोजने परस्पर ड्रायव्हर बदलला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आला. सोबत निरोप असा, की ही आमची चिप नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा. म्हणजे यूएसबीचं सीरियल करणारी आतली चिप नकली, आणि नव्या ड्रायव्हरने ती पकडली.

साधला संपर्क. आधी उत्तर आलं, लॅपटॉपच बिघडला असेल. मग, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. मग, लिनक्सवर चालते का ते सांगा. लिनक्सवर चालते, कारण तिथला ड्रायव्हर चिप अस्सल की नकली याची चौकशी करत बसत नाही. मी तसं कळवलं, तर ‘वस्तू चालू स्थितीत आहे’ म्हणत त्यांनी तक्रारच बंद करून टाकली! वर्णनात ‘विंडोजवर चालते’ असं ठळक लिहिलंय, त्याचं काय, यावर गप्प. तरी नशीब, ड्रायव्हरने चिप नुसती अडवली. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी चक्क शून्य करून टाकला होता.

कोणी म्हणेल, एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) चालू केलंस की केबल हवी कशाला? खरं आहे, पण वापरलेला राउटर आधीच्या मालकाच्या पासवर्डसकट येतो. माझ्याकडच्या एका १८४१ ची हीच गत होती. पासवर्ड काढायचा तर चालू होतानाच ब्रेक सिग्नल (‘थांब’ असा इशारा) देऊन रॉममॉनमध्ये, म्हणजे राउटरच्या दुरुस्ती-मोडमध्ये, शिरावं लागतं, आणि ते कन्सोलशिवाय होत नाही. आता या केबलची दुसरी खोड ऐका. तिच्यातून ब्रेक जातच नाही. लिनक्सवरून दिला, ड्रायव्हर बिघडण्याआधी पुट्टीतल्या स्पेशल कमांडमधूनही देऊन झाला होता, राउटर आपला निवांत आयओएस (त्याची ऑपरेटिंग सिस्टीम) उलगडत बसतो.

यावर तोडगा सापडला तो सिस्कोच्याच जुन्या कागदपत्रांत. टर्मिनल ९६०० ऐवजी १२०० बॉडवर ठेवायचं, फ्लो कंट्रोल बंद, राउटर बंद करून चालू करायचा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबून धरायचा. पडद्यावर काहीही दिसत नाही, आपण वेड्यासारखे स्पेसबार दाबून बसलेले. पण इतक्या हळू गतीने आलेला अक्षर-सिग्नल राउटरला ब्रेकच वाटतो. पुन्हा ९६०० वर आलात की समोर ‘रॉममॉन १’. मी अक्षरशः टाळी वाजवली. पुढचं सोपं: कॉन्फिग रजिस्टर २१४२ (साठवलेलं कॉन्फिग न वाचता चालू हो), रीसेट, जुनं कॉन्फिग पुसा, आणि रजिस्टर आठवणीने २१०२ वर आणा, नाहीतर दर वेळी राउटर कोरा होऊन उठेल. स्विचला ही यातायात नाही, तिथे समोरचं मोड बटण दाबून धरून वीज द्यायची.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि ‘केबल फेकून द्या’ असं म्हणणार होतो. दरम्यान अस्सल चिपची केबल आली, ब्रेक पहिल्या फटक्यात गेला, डोकं शांत झालं, आणि मत थोडं बदललं. जुनी केबल आता जुन्या लिनक्स लॅपटॉपला कायमची जोडलेली आहे. एका खिडकीत स्विच, दुसऱ्यात राउटर असं दोन कन्सोलवर एकाच वेळी काम करता येतं आणि ते फार सोयीचं पडतं. विक्रेत्याबद्दलचं मत मात्र तेच.

बाकी लॅबबद्दल. विकणारे अजूनही ‘सीसीएनए किट’ म्हणून सीरियल कार्डं आणि त्यांच्या जाड केबली गळ्यात मारतात. फेब्रुवारी २०२० मध्ये २००-३०१ आली तेव्हापासून पीपीपी हा सीरियल जोडणीवरचा प्रोटोकॉल अभ्यासक्रमात नाही. तो पैसा वाचवा. ओएसपीएफ (मार्ग शोधणं), नॅट (पत्ते बदलणं), एसीएल (ट्रॅफिक गाळणं) हे सगळं इथरनेटवर होतं. १८४१ ला दोन फास्ट इथरनेट पोर्ट आहेत, राउटर-ऑन-अ-स्टिकला (एकाच पोर्टवरून अनेक व्हीलॅनचं, म्हणजे स्विचवरच्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांचं, राउटिंग) पुरून उरतात. घेण्याआधी ‘शो व्हर्जन’ कमांडच्या उत्तराचा फोटो मागवा आणि आयओएस इमेजच्या नावात ‘के९’ (एन्क्रिप्शनची खूण) आहे का बघा, नसेल तर एसएसएच विसरा.

‘टेस्टेड, रीसेट केलेला’ या शब्दांवरही जाऊ नका. राइट इरेज कमांडने कॉन्फिग जातं, पण व्हीलॅनची ‘व्हीलॅन डॉट डॅट’ फाइल फ्लॅशमध्ये तशीच राहते. दुसऱ्या स्विचला ट्रंक (सगळ्या व्हीलॅन वाहणारी जोडणी) जोडल्याबरोबर माझ्या कोऱ्या २९६० वर कुठल्यातरी ऑफिसच्या ‘अकाउंट्स’ आणि ‘गेस्ट’ नावाच्या व्हीलॅन उगवल्या. व्हीटीपी या व्हीलॅनची यादी स्विच ते स्विच पसरवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये यादीचा रिव्हिजन नंबर का तपासायचा ते पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं या परक्या पाहुण्यांमुळे.

पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचा सिम्युलेटर फुकट असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. परीक्षेपुरतं बोलायचं तर पॅकेट ट्रेसर पुरतो. वायरलेसचा भाग मी तिथेच केला, ऑटोमेशनला तर डबे लागतच नाहीत. पण तिथे पोर्टचा नारिंगी ठिपका हिरवा होईना की आपण फास्ट फॉरवर्ड दाबतो. खऱ्या २९६० वर पोर्टफास्ट (ही वाट टाळणारी सोय) नसताना लॅपटॉप जोडा: लिसनिंग पंधरा, लर्निंग पंधरा, अशी तीस सेकंदं दिवा नारिंगी. तेवढ्यात विंडोज डीएचसीपीकडून पत्ता मिळायची वाट बघून कंटाळतं आणि स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घेऊन मोकळं होतं. नेटवर्क ठीक, स्विच ठीक, तरी ‘नेट नाही’ अशी तक्रार कशी येते ते त्या तीस सेकंदांत दिसतं.

आता नव्याने लॅब करायची असती तर ३५६० पुन्हा घेतला असता, दुसरा २९६० कदाचित टाळला असता. १८४१ ऐवजी १९४१ परवडत असेल तर बघा. त्यात मिनी यूएसबीचा कन्सोल पोर्ट आहे, साध्या डेटा केबलवर भागतं. मात्र विंडोजला त्याचाही वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो, आणि यूएसबी लावलेली असेल तर शेजारचा आरजे-४५ कन्सोल टाइप केलेलं काही घेत नाही. तिथे केबल बदलत बसू नका, आधी यूएसबी उपटा.