जिमनी, गुरखा की हायलक्स? गोव्यातून लांब निघणाऱ्याचा इंधनाचा हिशेब

डिचोलीतला माझा एक मित्र गेले सहा महिने फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) घेतोय. म्हणजे घेत नाहीये, शोरूममध्ये फुकटचा चहा पितोय. त्याला दोन गोष्टी साधायच्या आहेत. भर पावसात सत्तरीतल्या कुळागरापर्यंत, म्हणजे पोफळीच्या बागेपर्यंत, गाडी गेली पाहिजे, आणि वर्षातून एकदा स्पीती किंवा लडाख झालं पाहिजे. यादी छाटत छाटत तीन नावांवर आली आहे: मारुती जिमनी, फोर्स गुरखा आणि टोयोटा हायलक्स. सेल्समनला त्याचा प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती देते?"

पण कुठे, किती वजन घेऊन आणि टपावर काय बांधून, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

कागदावरचं आधी उरकून घेऊ. जिमनी दीड लिटरची, बिनटर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा नसलेली) पेट्रोल गाडी आहे. वजन जेमतेम बाराशे किलो, टाकी ४० लिटरची. हाताने गिअर टाकायच्या मॉडेलचा प्रमाणित आकडा लिटरला १६.९४ किलोमीटर. गुरखा २.६ लिटरची टर्बो डिझेल, दोन टनांच्या वर वजन, टाकी ६३.५ लिटर. हायलक्स २.८ लिटरची टर्बो डिझेल, तीही दोन टनांच्या वर, टाकी ८० लिटर. लो रेंज, म्हणजे चढ-चिखलात हळू पण जोरात ओढणारे जादा गिअर, तिघींनाही आहे. महिंद्रा थार का नाही, असं कुणीतरी विचारणारच. तीन दारी थारमध्ये चार माणसं बसली की पिशवी ठेवायची कुठे, हा माझा जुना प्रश्न आहे, म्हणून ती बाहेर.

आता रस्त्यावरचं. हिशेबापुरतं धरू की संमिश्र वापरात जिमनी १३, गुरखा १० आणि हायलक्स ११ देते. तुमच्या पायाचं वजन वेगळं असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील. गोव्यातला दर ढोबळमानाने पेट्रोल ९६ आणि डिझेल ८८ रुपये धरला, तर जिमनीला किलोमीटरमागे सुमारे ७.४० रुपये, हायलक्सला ८ आणि गुरख्याला ८.८० रुपये पडतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवली, तर स्वस्त आणि महाग टोकात सतरा हजारांचा फरक. महिन्याला दीड हजारही नाही. यासाठी मित्राची झोप उडाली होती!

इथे गोव्याची एक गंमत आहे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला होता. तो काळ गेला, कर पुन्हा चढला, तरी पत्रादेवीच्या पलीकडे महाराष्ट्रात पेट्रोल अजूनही आपल्यापेक्षा चांगलंच महाग आहे. डिझेलमधला फरक त्या मानाने कमी. म्हणजे इथे पेट्रोल आणि डिझेलच्या दरात जेवढं अंतर आहे, त्याहून सावंतवाडीत जास्त. ‘लांब जायचं तर डिझेलच’ हा पुण्या-मुंबईकडचा सल्ला म्हणूनच गोव्यात जसाच्या तसा लागू होत नाही. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, हे खरं. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा. पण दोन टन ओढायचे की बाराशे किलो, हा फरक त्याहून मोठा ठरतो.

हे सगळं गाडी रिकामी असेपर्यंत. जिमनीचं भरलेलं कमाल वजन १५४५ किलो. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसली की हातात साधारण साठ किलो उरतात. टपावरचा तंबूच तेवढा भरतो. मग स्वयंपाकाचं सामान, पाणी, जादा चाक कुठल्या हिशेबात घालणार? भरलेली जिमनी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ओरडत चढते आणि १३ चे ११ होतात. हायलक्सला तेच सामान जाणवतही नाही. तिचे ११ चे १० झाले तरी डोक्यावर पाणी जात नाही.

लडाखला जाणाऱ्याने तर किलोमीटरमागे रुपये हा हिशेब सोडून टाकीमागे किलोमीटर मोजावेत. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरचा ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ हा फलक प्रसिद्ध आहे. भरलेल्या जिमनीच्या एका टाकीत ४४० किलोमीटर. वाट चुकली, दरड कोसळली किंवा रात्रभर हीटर लावून बसायची वेळ आली, तर पंचाहत्तर किलोमीटरची शिल्लक मला पुरेशी वाटत नाही. गुरखा भरलेली ९ देते असं धरलं तरी ५७० जाते. हायलक्स ८००. शिवाय पाच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. टर्बोची इंजिनं ती कसर बऱ्यापैकी भरून काढतात, जिमनीच्या इंजिनाला ती सोय नाही. समुद्रसपाटीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चढाला लागेपर्यंत कळत नाही.

टायरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात मी स्वतः फसलो आहे. माझ्या जुन्या डिझेल गाडीला मी हौसेने २४५/७५ काढून २६५/७५ मापाचे, जाड नक्षीचे चिखलाचे टायर घातले. पहिल्याच फेरीत पाचशे किलोमीटरला ५२ लिटर डिझेल गेलं. म्हणजे लिटरला ९.६. गॅरेजवाल्याने इंजेक्टर उघडायला लावले, बिल फाडलं, फरक शून्य. नंतर मोबाइलवर अंतर मोजलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवा टायर व्यासाने चार टक्के मोठा, त्यामुळे मीटर कमी दाखवत होता. खरे ५२० झाले होते, म्हणजे ॲव्हरेज १०. टायरने इंधन खाल्लंच होतं, पण मला वाटलं त्याहून कमी. तिघींपैकी कुठलीही घ्या, मोठे टायर घातल्यावर मीटरवर विश्वास ठेवू नका. फुल टू फुल टाकी भरा आणि अंतर वेगळं मोजा.

टपावरच्या कॅरिअरचं तसंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० च्या ऐवजी १०० ने गेलात की दीडपटीहून जास्त. तिन्ही गाड्या आधीच खोक्यासारख्या, त्यावर तंबू म्हणजे खोक्यावर खोका. हायलक्सच्या मागच्या हौद्यात सामान केबिनच्या आडोशाला बसतं, हा तिचा मोठा आणि कुणी न बोलणारा फायदा.

चिखलात ॲव्हरेज विचारूच नका. लो रेंज लावली की ते सहज निम्म्यावर येतं, तिथे तासाला किती लिटर हे बघायचं. पण कुळागराचा रस्ता दोन किलोमीटरचा, त्यात कितीसं जाणार? तिथे कामाला येतं ते डिफरेन्शियल लॉक, म्हणजे एक चाक नुसतं फिरत राहिलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी सोय. गुरख्याला पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे, हायलक्सला मागे. जिमनी ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक मदतीवर आणि हलक्या अंगावर निभावून नेते, आणि लाल चिखलात हलकं अंग म्हणजे अर्धी लढाई. (किनाऱ्यावर गाडी घालायचा विचार असेल तर सोडून द्या, गोव्यात त्याला बंदी आहे.)

हिवाळ्यात हरमल-मांद्र्याकडे परदेशी पाट्यांचे घरासारखे फोर बाय फोर ट्रक उभे दिसतात. ते शंभर किलोमीटरला पंचवीस-तीस लिटर पितात, आणि युरोपात हिशेब असाच, शंभरला किती लिटर, करतात. ती रीत आपण उचलावी. लिटरला ३ चे ४ झाले तर शंभर किलोमीटरला आठ लिटर वाचतात. १२ चे १३ झाले तर पाऊण लिटरही नाही. आपण भांडतो ते या पाऊण लिटरवर.

मित्राला मी जिमनी सांगितली आहे, ती पण दोन माणसांनी लडाखला जायचं या अटीवर. मागची सीट पाडून सामान, आणि टपावर काहीही नाही. चौघं जायचं पक्कं असेल तर गुरखा. हायलक्स तिघींत मला सगळ्यात आवडते, पण जिमनीपेक्षा ती पंधरा लाखांनी किंवा त्याहून महाग पडते. तेवढ्या पैशात ८ रुपयांच्या हिशेबाने एक लाख ऐंशी हजारांहून जास्त किलोमीटरचं डिझेल येतं.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती घेऊ नको, चार माणसं बसवून चोर्ला घाटात माग, असं त्याला सांगितलंय. नाही म्हणाले तर पुढच्या शोरूमचा चहा आहेच.